आबांच्या गाडीचा क्लच

मी भित्री आहे. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण माझ्याशी जरा वेळ बोललेल्या कोणालाही ते कळतं. कुलूप लावून जिना उतरले तरी गॅस बंद केला होता की नाही हे बघायला मी परत वर जाते. फोन अवेळी वाजला की आधी मी देवाचं नाव घेते आणि मग फोनवरचं बघते. जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, एकटी राहते, आणि आई-वडील साक्री तालुक्यात, पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात. भिण्यासाठी एवढं पुरेसं आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा अजून शेत बघतात, आणि शेतात जातात ते त्यांच्या छोट्या मोटारसायकलवरून. चार गिअरची, हलकी, रंग उडालेली गाडी. मी एकुलती एक, तेव्हा मुलाला शिकवायचं ते सगळं त्यांनी मलाच शिकवलं. गाडी चालवायला, आणि ती बिघडली तर उघडायलाही. गावातल्या लोकांनी हसून घेतलं, आबांनी त्यांना हसू दिलं.

तर एक दिवस संध्याकाळच्या फोनवर आबा म्हणाले, "क्लच बिघडी गया. गिअरच पडत नही." दुसऱ्या कोणाला ही बातमी वाटली नसती. मला मात्र लगेच आमच्या गावचा फाटा दिसला. गुजरातकडे जाणारे ट्रक तिथून भरधाव जातात, आणि गावात वळायचं तर त्यांच्या मधून रस्ता ओलांडावा लागतो. तिथे गिअर पडला नाही, गाडी मध्येच बंद पडली, तर? मी फोन ठेवला आणि शनिवारी गावी जायचं ठरवून टाकलं.

शनिवारी जळगावहून धुळे, धुळ्याहून पिंपळनेर अशा गाड्या बदलत पोचले तर आबा मला घ्यायला स्टँडवर हजर, त्याच गाडीवर. मी चालवते म्हटलं तर म्हणाले, "तुले कोनी शिकाडं? मीच ना? बस मांगे." बसले. सरळ रस्त्यावर गाडी छान चालली. आबा मोठ्याने बोलत होते, कांद्याचे भाव, शेजाऱ्याची म्हैस, सगळं. मग फाटा आला. त्यांनी वेग कमी केला, टाच मारून गिअर उतरवायला गेले, तो उतरला नाही. चौथ्यातच गाडी वळवली. इंजिनने दोन-तीन आचके दिले आणि आम्ही रस्त्याच्या बरोबर मध्यावर बंद पडलो. समोरून ट्रक आला. त्याचा हॉर्न कानात नाही, छातीत वाजला. मी उडी मारून उतरले आणि आबांसकट गाडी ढकलली. ट्रक मागून निघून गेला, ड्रायव्हरने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि आबा गाडीलाच शिव्या देत राहिले. घरी पाणी पिताना फुलपात्र दातांवर वाजलं.

"ही गाडी तुमचा जीव घेईल," मी आईसमोर रडवेली होऊन म्हणाले. आबा हसले. पण रविवारी सकाळी आम्ही दोघं अंगणात गोणपाट टाकून गाडीभोवती बसलो.

आबांची एक पद्धत आहे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट हलवायची. ती दुरुस्त केली की फेरी मारून यायची, मगच पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही, असं ते म्हणतात. सोप्याकडून अवघडाकडे जायचं. आधी लिव्हर. क्लच दाबताना सुरुवातीला जराशी मोकळी चाल लागते. ती फार असली तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर अडतो. आम्ही नट फिरवून ती बरोबर केली. मी गावाच्या मारुतीपर्यंत फेरी मारून आले. गिअर पडत होते. आबांनी फेरी मारली, आणि परत येऊन नाही म्हणून मान हलवली.

मग केबल. वरचं टोक सोडवलं, कागदाचा द्रोण करून त्यातून तेल सोडलं, तार वर-खाली केली. आत कुठे अडत नव्हती, धागाही तुटला नव्हता. फेरी मारली. मला ठीक, आबांना कडक. मग गिअरचा पेडल बघितला. शाफ्टवर सैल नव्हता, वाकलेला नव्हता.

"ऑइल कोणतं घातलंय?" मी विचारलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली की काकांच्या कारचं उरलेलं घातलंय. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! आमच्याकडे काहीही वाया जाऊ द्यायचं नाही हा धर्म आहे. लग्नातल्या उरलेल्या पुरणाच्या मांड्यांपासून कारच्या उरलेल्या तेलापर्यंत सगळं कोणाच्या ना कोणाच्या पोटात गेलंच पाहिजे. काकांच्या कारची सर्व्हिसिंग झाली, डब्यात चांगलं महागडं तेल उरलं, ते भावाच्या गाडीत ओतलं. आता छोट्या गाडीत क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात, आणि कारच्या तेलात असलं काहीतरी निसरडं घातलेलं असतं की त्या प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. मी आबांवर यथेच्छ ओरडून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही तेल काढलं, पिंपळनेरहून मोटारसायकलचं तेल आणून भरलं.

खरं सांगायचं तर मला तेव्हाही माहीत होतं की त्या तेलाने क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. गिअर अडतो तो त्याने नाही. पण घाबरलेल्या माणसाला गुन्हेगार हवा असतो आणि मला तो डब्यासकट सापडला होता. सोमवारी मी जळगावला परतले ती बऱ्यापैकी खुशीत.

बुधवारी फोनवर आबा म्हणाले, "तसंच शे." आणि त्याच फोनवर आईने एक नवीनच तक्रार सांगितली. तिला ती गंमत वाटत होती. "गाडीवर ऱ्हातस, डावी चप्पल रस्तामा पडी जास, आन यासले पत्ताच नही ऱ्हास." एक चप्पल शेजारच्या पोरीने रस्त्यात सापडली म्हणून आणून दिली होती. आबांच्या मते पेडल सारखा अडतो, जोर लावावा लागतो, त्यात चप्पल निसटते. हे पटण्यासारखं होतं. मी त्यांना बूट घालायला सांगितलं आणि मेकॅनिककडे गाडी न्यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर मला काही बरं वाटेना. पंखा लावला, बंद केला, परत लावला.

पिंपळनेरच्या मेकॅनिकने क्लच उघडून प्लेटा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, केबल नवी टाकली. पुढच्या शनिवारी मी गेले ती आधी त्याच्याकडेच. आबा गाडी घेऊन तिथे आले होते. मेकॅनिक बोलका माणूस. तो स्वतः चक्कर मारून आला, गाडी आमच्यासमोर उभी केली आणि म्हणाला, "मक्खन शे गाडी, आबा. आते अडनी तर समजा, ती तुमनावर रुसेल शे." आम्ही तिघंही हसलो. मी चक्कर मारली. पंजाचा नुसता स्पर्श केला की गिअर पडत होता. न्यूट्रल एका टिचकीत सापडत होतं. इतकी छान गाडी मी बऱ्याच वर्षांत चालवली नव्हती.

परत येऊन मी आबांना गाडी दिली. ते बसले, त्यांनी किक मारली, पहिला गिअर टाकायला गेले, आणि खडखड आवाज करून गाडी पुढे उडी मारून बंद पडली.

"देख," आबा म्हणाले. "सांगं ना मी?"

मेकॅनिक खाली वाकून क्लचकडे बघू लागला. मी आबांच्या हाताकडे बघत होते. "आबा, क्लच पुन्हा दाबा," मी म्हणाले. त्यांनी दाबला. लिव्हर अर्ध्यावर येऊन थांबला होता. "पूर्ण दाबा." "दाबेल शे पुरा," ते म्हणाले. चार बोटं लिव्हरवर होती, पण त्यांच्यात जोर नव्हता. करंगळी तर नुसती ठेवलेली होती. आणि आबा माझ्याकडे असे बघत होते की यात विचारण्यासारखं काय आहे.

तिथे, मेकॅनिकच्या दारात, मी मनात यादी करू लागले. ब्रेकबद्दल ते कधी बोलले नव्हते. ॲक्सिलरेटरबद्दल नाही. किक ते एका दणक्यात मारत होते. तक्रार क्लचची, तक्रार गिअरची, तक्रार चपलेची, आणि हे सगळं डावीकडे. लिव्हर, केबल, पेडल, तेल, प्लेटा. त्यांच्याच पद्धतीने मी एकेक गोष्ट हलवत आले होते, आणि आता हलवायला राहिले होते फक्त आबा. मी देवाला म्हणाले, काहीही कर पण या गाडीत बिघाड निघू दे. इंजिन जळू दे. असली प्रार्थना मी आयुष्यात कधी केली नव्हती.

मेकॅनिकला मी काही सांगितलं नाही. गाडी माझ्याकडे घेतली, आबांना मागे बसवलं, घरी आणलं. तेवढा रस्ता मी दुसऱ्या गिअरमध्ये काढला.

घरी आईला आत बोलावून विचारलं तेव्हा एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. आबा हल्ली दुपारी फार झोपतात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. डोकं दुखतं म्हणतात. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कांदे साठवायच्या चाळीत शिरताना आडव्या लाकडाला डोकं आपटलं होतं, पण रक्त वगैरे काही नाही, टेंगूळ आलं, हळद लावली, झालं. आई हे सांगताना पोळ्या लाटत होती. मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं तेव्हा तिला कळलं की मी गप्पा मारत नाहीये.

"लकवा?" ती एवढंच म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली.

काकांची कार असती तर प्रश्न नव्हता, पण ते कार घेऊन सुरतेला गेले होते. फोनवर म्हणाले, लकव्याला डॉक्टरकडे औषध नाही, अमुक गावी एक जण तेल चोळून पाय चालता करतो, मी आलो की नेऊ. आमच्या भागात अर्धे लोक हेच सांगतील. आईलाही तेच हवं होतं. मी नको म्हणत होते, पण मला तरी काय माहीत होतं? मला फक्त भीती माहीत होती. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते ओट्यावर बसून म्हणत होते, "काहीच नही व्हयनं माले. डाक्टर काय गाडी दुरुस्त करस का?" रुग्णवाहिका बोलावली असती तर ते मागच्या दाराने शेतात निघून गेले असते. मी ओळखते त्यांना.

म्हणून मी खोटं बोलले. रविवारी सकाळी म्हणाले, गाडीचा मोठा दोष आहे, गिअरबॉक्सच उघडावा लागेल, ते धुळ्यालाच होईल. आपण दोघं जाऊ, मी चालवते. गाडीसाठी आबा लगेच तयार झाले. आईने डबा दिला. मनात ठरवलं होतं की साक्रीपर्यंत कसंही करून न्यायचं आणि तिथून जीप करायची. निघताना आई दारात उभी होती. तिने हात जोडले, कोणाला ते मी बघितलं नाही.

त्या रस्त्यावर मी आयुष्यभर गाडी चालवली आहे, पण त्या दिवशी प्रत्येक खड्डा मला शत्रू वाटत होता. आबा मागे दोन्हीकडे पाय टाकून बसले होते. सुरुवातीला बोलत होते, मग गप्प झाले. झोपले तर पडतील म्हणून मी काहीबाही विचारत राहिले. इंजिन सुरळीत चाललं होतं, गिअर एकेक पडत होते, आणि ते इतकं बरोबर चाललेलं मला सहन होत नव्हतं. मग मागून एक आवाज यायला लागला. खरखर, खरखर. आधी वाटलं चेन घासतेय. वेग कमी केला तर आवाजही कमी झाला. वाकून खाली बघितलं. आबांचा डावा पाय पायदानावर नव्हता. तो खाली लोंबत होता आणि बोटं डांबरावर घासत येत होती.

"आबा, पाय वर ल्या!" मी ओरडले.

"वरच शे," आबा म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली तेव्हा मला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे आठवेना. कशीबशी थांबवली. पायात चप्पल नव्हती. अंगठा आणि शेजारचं बोट सोललं होतं, रक्त धुळीत मिसळून काळं झालं होतं. आबा खाली वाकले, दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसं बघत राहिले. त्यांना दुखत नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर होतं.

"हाऊ मना पाय शे का?" त्यांनी विचारलं.

मी ओढणीने त्यांचा पाय बांधू लागले. मग त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "भ्यायी गयी ना माय?" आणि मग, खालच्या आवाजात, "मीबी भ्यायी गऊ." आबांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. आजवर घरातली सगळी भीती मी एकटीच वापरत होते. "चाल डाक्टरकडे," ते म्हणाले. गिअरबॉक्सचं त्यांनी नावही काढलं नाही. म्हणजे मी गाडीबद्दल खोटं बोलले होते हे त्यांना केव्हाचं कळलं होतं.

गाडी तिथेच एका टपरीवाल्याकडे लावली. धुळ्याला जाणारी जीप थांबली, माणसांनी सरकून जागा केली, एका म्हाताऱ्या अक्कांनी आबांचा पाय चक्क स्वतःच्या मांडीवर घेतला आणि साऱ्या रस्त्यात खाली ठेवू दिला नाही. मी आबांचा डावा हात धरून बसले होते. मी दाबला की तो दाबला जायचा, आणि तेवढंच.

धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कशापासून सुरू झालं? मी म्हणाले, क्लचपासून. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, पण हसले नाहीत. आबांना दोन्ही हात पुढे धरून डोळे मिटायला सांगितलं. उजवा हात तिथेच राहिला. डावा हळूहळू खाली येत गेला, आणि आबा डोळे मिटून, दोन्ही हात समोर आहेत अशा खात्रीने उभे होते. मी तोंडावर हात दाबून धरला. स्कॅनमध्ये डोक्याच्या उजव्या बाजूला कवटीच्या आत रक्त साचलेलं दिसलं. आखाजीच्या त्या आपटण्याने झिरपत झिरपत आठवड्यांमागून आठवडे साठलेलं. उजवीकडचा मेंदू दाबला गेला की डावीकडचं अंग जातं, आणि कधी कधी ते गेलंय हे त्या माणसालाच कळत नाही, डॉक्टर समजावून सांगत होते. हा लकवा नाही, चोळून जाणारं नाही, कवटीला भोक पाडून ते रक्त काढायचं. आजच. डावी बाजू परत येईल का, असं मी विचारलं. बहुतेक येते, ते म्हणाले. या 'बहुतेक'वर मी दुपार काढली.

आबांना आत नेताना त्यांचं डोकं भादरलेलं होतं आणि ते अचानक फार लहान दिसत होते. दार बंद झालं. आई तोपर्यंत शेजाऱ्याच्या गाडीने येऊन पोचली होती. आम्ही दोघी एका बाकावर बसलो. तिने डबा उघडून मला भाकरी दिली, मी ती हातात धरून ठेवली. कोणी दार उघडलं की मी उभी राहायची, आणि दर वेळी ते दुसऱ्याच कोणासाठी उघडलेलं असायचं. उभं राहायचं थांबले तर वाईट बातमी येईल असं मला वाटायला लागलं, म्हणून मी थांबले नाही. आई म्हणाली, "बस ना एक जागे," आणि स्वतः माझ्याबरोबर उठायला लागली.

ऑपरेशन झालं, असं शेवटी कोणीतरी सांगितलं. नीट झालं म्हणाले. पण हात-पाय किती परत येतील ते जाग आल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीलाच आत सोडलं. डोक्याला पट्टी, नाकाला नळी, डोळे अर्धवट उघडे. उजवा हात चादरीवर होता, त्याच्याकडे मी बघितलंच नाही. डावा हात आत होता. तो बाहेर काढायला माझं धाडस होईना. नर्स म्हणाली, त्यांना हात दाबायला सांगा, ऐकतायत ते. मी चादर सरकवली, त्यांच्या तळव्यात माझी बोटं ठेवली आणि सांगितलं. काही झालं नाही. मी पुन्हा सांगितलं. खोलीतल्या यंत्राचा आवाज चालू होता आणि माझ्या कानात फक्त माझंच रक्त वाजत होतं. मग त्यांची बोटं मिटू लागली. आधी अंगठा, मग बाकीची, करंगळीसुद्धा, आणि मिटत मिटत इतकी घट्ट झाली की माझी अंगठी बोटात रुतली. माझ्या तोंडून हुंदका फुटला.

आबांनी डोळे उघडले. "दुखनं का?" त्यांनी विचारलं.

"नही," मी म्हणाले. "आखो जोरमा दाबा."